पान एकसष्ट

वाचनालय चारला उघडतं,
गुजरीच्या मागं, सोसायटीच्या वरच्या खोलीत.
महिन्याचे दीड हजार, आणि पुस्तकांवरची सगळी धूळ माझी.
त्या धुळीतच ती कादंबरी सापडली,
पुठ्ठा सुटलेली, नाव अर्धं वाळवीनं खाल्लेलं.
पहिल्याच पानावर आई मरते.
म्हटलं, चला, उगाच वाट पाहायला नको.

मुलीचं नाव ऊर्मी.
तिच्या घरामागं समुद्र आहे, फणस आहेत,
पाटावर बसून जेवणं आहेत.
मी समुद्र पाहिलेला नाही.
आमची बोडी पाहिलीय,
उन्हाळ्यात जिच्यात गुडघाभर चिखल उरतो
आणि चिखलात मरळ.
तरी दहाव्या पानापर्यंत
तिच्या समुद्राला आमच्या बोडीचा वास यायला लागला.

ऊर्मी आईच्या फोटोशी बोलते.
तिथं मी पुस्तक पालथं ठेवलं.
आमच्याकडे फोटो नव्हता.
रेशन कार्ड होतं.
दुसऱ्या ओळीत पार्बता मुखरू वलथरे, वय २६,
आणि त्यावरून दुकानदारानं पट्टी धरून मारलेली लाल रेघ.
किती सरळ.
मी अक्षरं शिकले ती त्या रेघेखालून.
‘र्ब’ मला शाळेच्या आधी यायचा.
साखर आणायला दर महिन्याला मीच जायचे,
तेवढा वेळ ती माझ्या हातात असायची.

मग ऊर्मीच्या घरी दुसरी येते.
लेखकानं तिला जाड भुवया दिल्यात,
कमरेला किल्ल्या दिल्यात,
आणि एकही चांगलं वाक्य दिलेलं नाही.
पान एकसष्टवर ती पोरीला शिळं वाढते
आणि दाराआड उभी राहून बघते, संपवते का.

पानाचा कोपरा दुमडलेला.
ओळींच्या मधोमध चिकटलेला
एक खवला.
माशाचा. नखाएवढा. वाळून कागद झालेला,
पण खिडकीकडे धरला की अजून चमकणारा.

शेवटच्या पानावर तारखा.
सभासद सत्तेचाळीस. सभासद सत्तेचाळीस.
दोन वर्षांनी पुन्हा सत्तेचाळीस.
जुनं रजिस्टर काढलं. जांभळी शाई :
सायत्रा मुखरू वलथरे. शिक्षण चौथी. धंदा मासोळी.
सहीत ‘त्रा’वर हात अडखळलेला.
पहिली तारीख,
ती आमच्या घरी आली त्याच्या नवव्या दिवसाची.

मी तिला आई म्हटलं नाही. मावशीही नाही.
वो, पाणी. वो, वही पायजे.
वीस वर्षं त्या एका अक्षरावर भागवलं.
ती मरळीचं डोकं मला वाढायची
आणि दाराआड नाही,
अगदी समोर येऊन बसायची.
मला वाटायचं, घास मोजते.

त्या रात्री ती पावशीवर मासोळी कापत होती.
पिशवीतलं पुस्तक दिसलं, हात थांबला.
‘थे बुक गावली काय तुले?’
मग बराच वेळ काही नाही.
चुलीत लाकूड ओलं होतं.
‘मी त्या पानाच्या पुढं गेलीच नाई कधी.’
राखेत बोटं घासली.
‘मेली त नाई ना थे पोरगी?’

नाही, मी म्हटलं. मोठी होते.
‘बरं झालं.’

त्या दुसरीचं पुढं काय, ते तिनं विचारलं नाही.
पुस्तकातही नाही.
नव्वदाव्या पानानंतर लेखक तिला विसरून जातो.

जेवताना ती समोर बसली.
मी म्हटलं, वो...
आणि पुढचा शब्द येईना,
म्हणून मरळीचं डोकं मोडून
अर्धं तिच्या ताटात ठेवलं.
‘मले नोको, काटे रायते,’ ती म्हणाली,
आणि काटे बाजूला काढत काढत
सगळं खाल्लं.