चीर

चाळीस हिवाळे मी कॉड साफ केले
स्वोल्व्हरच्या धक्क्यावर.
एक चीर, अंगठा आत, काळीज बादलीत,
बाकीचं समुद्रपाखरांना.

म्हणून ऑस्लोची डॉक्टर तुर्दिस
कागदावर रेघ काढून समजावू लागली
तेव्हा म्हटलं, राहू दे बाई,
सुरी कुठून घालतात ते मला कळतं.

अपेंडिक्समधून सुरू झालेलं,
लाखांत एखाद्यालाच होणारं.
नाव एवढं लांब की ओड्वारने
डिझेलच्या बिलामागे लिहून घेतलं,
तेही चुकीचं.
पोटभर साचलेली जेली.
आणि मी समजत होते, वय झालं,
घेर वाढायचाच.

दहा तास.
प्लीहा गेली, आतड्याचा वीतभर तुकडा गेला.
मग गरम औषधाने आतून धुतलं मला,
संध्याकाळी आम्ही टेबलं धुतो तसं.

सहाव्या दिवशी वारा सरला.
नर्सने टाळ्या वाजवल्या,
ओड्वारने घरोघरी फोन केले.
इतकं कौतुक माझं
लग्नातही झालं नव्हतं.

आता मार्च. बोटी भरून येतायत.
धक्क्यावर मला खुर्ची देतात, सुरी देत नाहीत.
भाच्याचा पोरगा आयलिफ
शाळा सुटली की माशांच्या जिभा कापतो,
खिळ्यावर डोकं, झटका, पुढचं.
मध्येच थांबून विचारतो, दाखव ना.
मी स्वेटर वर करते.
तो ओले हात मागे धरून
वाकून बघतो, बराच वेळ.

टाके वाकडे आहेत, म्हणतो.

हो रे.
फाडलेलं परत शिवायची
आपल्याकडे कुणाला सवय आहे?