खिडकीने एकच भिंत कापली

वडगावच्या शशिकलाबाई बुचडींचं घर
गेले चार दिवस माझ्या पडद्यावर आहे.
जुनी भिंत जांभ्याची, सव्वा फूट जाडीची,
तिला आतून लागून नवी, चार इंची विटांची.
माग आता ह्या खोलीत येणार. उजेड हवा.

भिंतींचे थर मी एकेक करून भरले:
गिलावा बारा मिलिमीटर, वीट, परत गिलावा.
जांभ्याच्या पोटातली ओल भरायला
रकाना नव्हता.

खिडकी उचलून ठेवली.
विटा मुकाट बाजूला झाल्या,
गिलावा कोपऱ्यात वळून चौकटीपाशी थांबला,
लुगड्याचा काठ दुमडून टीप घालावी तसा.
वाटलं, झालं.
मग घर फिरवून बाहेरून पाहिलं.
भिंत अख्खी.
आतून पाहिलं तर काचेला नाक लावून जांभा,
तांबडा, भोकाभोकांचा, ढिम्म.

खिडकी ज्या भिंतीची, तिच्यापुरतंच कापते.
शेजारची तिच्या हिशेबात नसते,
अंगाला अंग लागलेलं असलं तरी.

संध्याकाळी फकीरप्पा गवंडी आला,
पिशवीत ओळंबा, चपलांना चुना.
"किटकी छान हाय. उघडती कुठं?"
त्याच्या तोंडी ती किटकी;
मला तीच जरा मजबूत वाटते.
म्हटलं, दोन भिंती जोडायच्या राहिल्यात,
जोडल्या की दोन्हींना भोक पडेल.
"जोडल्यावर फुटती व्हय?"
बराच वेळ हसत राहिला.
"आमच्यात उलटं. जोडल्यालं लवकर फुटत न्हाई."

मग बोटांनी हवेत दाखवत गेला:
आधी वर लिंटल, ते बसू द्यायचं,
मगच एकेक चिरा, आतल्या बाजूनं.
खाणीतून निघतो तेव्हा जांभा मऊ असतो,
वारा खाऊन टणक होतो.
"ह्येनं साठ वर्षं वारा खाल्लाय."

मी जोडल्या. एका टिचकीत.
पडद्यावरचा नोव्हेंबरातला चारचा सूर्य
तिरका आत आला,
माग जिथे येणार तिथे एक पट्टा पडला.
फकीरप्पाने मान हलवली,
चांगलं की काय, कळलं नाही.

कागद घेऊन निघताना त्याने
दोन भिंतींमधल्या बारीक फटीवर अंगठा ठेवला.
दहा मिलिमीटर. जुनीतही नाही, नवीतही नाही.
दोन्हीकडचे गिलावे वळून तिच्या अलीकडेच थांबलेले.
"हितं काय?"

मी थरांची यादी परत उघडली.