शहाण्णव अंश

सुकुमार मगदूम लॅपटॉप आणतात
टॉवेलात गुंडाळून,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा.
"बघा की ताई, वीस मिनिटं झाली की मरतंय.
सौदा ऐन रंगात, आणि स्क्रीन काळी."

त्यांनी बरंच करून बघितलंय.
खाली स्टीलचं ताट ठेवलं. टेबलफॅन लावला.
एकदा दुधाची गोठलेली पिशवी.
(तिचं पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगतात.)
मेहुणा म्हणाला व्हायरस आहे,
तर त्यातही तीनशे रुपये गेले.

मी चालू करते, कान लावते.
पंखा फिरतोय, पण भरल्या ट्रकनं घाट चढावा तसा,
नुसता आवाज.
आकडा चढत जातो. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव.
मग गप्प.
यंत्राचं एवढं मला आवडतं,
सोसवेना झालं की बंद पडतं,
कुणाला विचारत नाही.

गावभागातलं दुकान. भिंतीवर पुराची रेघ अजून आहे,
आठवण म्हणून नाही, रंगाचं राहून गेलं म्हणून.
रेघेच्या वर फळी, फळीवर लोकांची यंत्रं.
मगदुमांचं खाली घेऊन पालथं घालते.
अकरा स्क्रू असायला हवेत. आहेत दहा.

पाठ उघडली
आणि दुकानभर हळदीचा वास.
जाळीच्या फटीत पिवळा थर,
चिमट्यानं धरून ओढला तर अखंड निघाला,
बोटभर लांब पट्टी,
हळद आणि कापूस, एकमेकांत घट्ट बसलेले.

हळद समजली. मार्केट यार्डात पेढी, उडणारच.
कापूस कुठला?

"ठेवता कशावर हा?"
"गादीवर. आमच्याकडं खुर्ची नाही ओ,
वडलांपासून गादीच."
"हा खालून हवा घेतो. गादीत तोंड खुपसून
तुम्हाला झोप लागेल का?"
ते हसतात.
"गादी मात्र एक नंबर. बत्तीस वर्षं झाली,
कुठं गोळा नाही. एक नदाफ यायचे मिरजेहून,
सायकलला पिंजण बांधून.
एका कानानं कमी ऐकू यायचं त्यांना."

डाव्या.

मी प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खरवडत राहिले.
वाळून खडू झाली होती.
दुकानाच्या बोर्डावर माझं आडनाव नाही,
नुसतं कॉम्प्युटर केअर.

अब्बा घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या.
यार्डातलं काम असलं की रुमाल पिवळा.
तार सैल असली की कापूस चिकटतो, म्हणायचे,
ताणून धर, मग बघ कसा सुटतो,
आणि खोकायचे.
त्यांच्या छातीत काय बसलं होतं
ते कुणी उघडून बघितलं नाही.

ब्रश. स्पिरिट. फुंकणी.
नवी पेस्ट, तुरीच्या डाळीएवढी,
जास्त लावून उपयोग नसतो.
स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडे थोडे पिळत.
अकरावा माझ्या डबीतला.
चालू केला. बावन्न.
अर्धा तास तसाच ठेवला,
एकसष्टच्या वर गेला नाही.

"साडेचारशे. आणि एक पाट घ्या लाकडी,
जेवायचा असला तरी चालेल.
गादीवर पाट, पाटावर हा."
"का गादीच काढून टाकू? पोरगं म्हणतंय फोम आणूया."
"नको."
जरा जोरातच बोलले असेन,
पैसे मोजता मोजता त्यांनी वर बघितलं.
"नको," म्हटलं, "गादीचा काही दोष नाही."

ते गेले. बोटं पिवळीच.
चार्जर घ्यायला आलेली पोरगी म्हणाली,
कुणाचं लग्न ओ ताई?

शटर ओढायच्या आधी
केराच्या डब्यातून ती पट्टी काढली,
दोन्ही चिमटींत धरून ताणली, हळूहळू.
सुटत गेली.
आतून अजून मऊ होती.