डावा मागचा

बाबा आफ्रिकेहून परतले त्याला आठवडा झाला.
झिंगाबाई टाकळीत पारा पंचेचाळीसवर,
आणि येणारा-जाणारा एकच विचारतो,
"सयामजी, सिंह पाह्यला का?"
"पाह्यला."
"कसा होता?"
"झोपला होता."
एवढंच. मग मोबाइल माझ्याकडे सरकवतात.

मीच नेलं होतं त्यांना.
पेंचच्या बीटावर एकतीस वर्षं सायकल,
खांद्याला ठसे उचलायच्या प्लास्टरची पिशवी.
म्हटलं, एकदा तरी पाहुण्यासारखं रान पाहू देत,
कुणीतरी यांना सलाम करू दे.
खाजगी रान. तीन रात्री.
एका रात्रीचं भाडं मी पाचवा हिस्सा करून सांगितलं,
तरी ते बराच वेळ बोटं मोजत बसले.
संध्याकाळी गवतात टेबल मांडून वाइन.
बाबांनी चहा मागितला, आणि विचारलं,
"रानाले मालक आहे म्हनता,
तर वनवा लागला का रात्री तो येते का इथं?"
मी भाषांतर केलं नाही.

तिसऱ्या पहाटे जीप थांबली.
बॉनेटवरच्या खुर्चीतून रिसेंगा उतरला, मातीकडे वाकला,
आणि कुणी काही म्हणायच्या आत
माकडटोपी घातलेले माझे बाबाही खाली.
गाइड ओरडला. रिसेंगानं नुसता हात वर केला.
दोघं उकिडवे. मध्ये एक ठसा.
बाबांनी वीत लावली, दोन बोटं वजा केली.
"मादी. आत्ताच गेली. डावा मागचा दुखते तिचा."
रिसेंगाला मराठी कुठून येणार?
तो उठला, आणि डावा पाय ओढत
चार पावलं चालून दाखवली त्यानं.
बाबा हसले. असे, की त्यांच्या दातांतली फट
मला कितीतरी वर्षांनी दिसली.

ती सिंहीण काही दिसली नाही.
जीपमधले बाकीचे परतताना गप्प होते,
पैसे बुडाल्यासारखे.

आज दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना
बाबांच्या हातातली बादली हिंदकळली.
वाळ्याच्या वासातून ते आतल्या खोलीत गेले,
फरशीवर ओली पावलं राहिली.
उजवं नीट, पाची बोटांचं.
डावं टाचेशी फरफटलेलं.
पुढचंही. त्याच्या पुढचंही.

मे महिन्यात फरशी सुकायला कितीसा वेळ.
मी उकिडवी बसले,
वीत लावली.