शिवायचं नाही

आडगावच्या हॉस्टेलात, एकोणीस नंबरच्या खोलीत
भिंतीवर पिंपळगावच्या औषधवाल्याचं कॅलेंडर.
डाऊनीवर काय मारायचं ते प्रत्येक पानावर छापलंय,
त्याच्याखाली माझी पेन्सिल:
जून रॉचेस्टर. जुलै ह्यूस्टन. ऑगस्ट क्लीव्हलंड.
पेनने लिहिलं नाही.
अजून कुणीच हो म्हणालेलं नाही.

सांगळे मॅडम तिकडे न्यूरोसर्जरीत आहेत,
दुसऱ्या वर्षाला. त्यांची ड्यूटी संपते
तेव्हा इथे दूधवाला आलेला असतो.
म्हणतात, जिथे जीव अडकलाय
ते हॉस्पिटल पहिलं घेऊ नकोस,
पहिल्या ठिकाणी तुला लिफ्टसुद्धा सापडणार नाही.
शेवटचंही नको, तोवर पाय सुजतात
आणि पत्रं सप्टेंबरच्या आत लागतात.
मधलं घे.
महिनाभर चालणारी मुलाखत आहे ती,
तू सँडविच खातेस तेव्हाही चालू असते.

मी खोडते. पुन्हा लिहिते.
जुलैच्या चौकोनात कागद आता विरलाय.

देवरे सरांचं शिफारसपत्र हवं होतं.
सर म्हणाले, तूच टाईप करून आण, मी सही करतो.
रात्री स्वतःबद्दल लिहिलं: मेहनती.
खोडलं. लिहिलं: शांत.
हे तर आमच्या वॉर्डातल्या पंख्याबद्दलही लिहिता येईल.

ह्यूस्टनला हात धुऊन टेबलाशी उभं राहू देतात.
बाकी दोन्हीकडे ऑब्झर्व्हर, म्हणजे
हात मागे. बघायचं, विचारायचं,
शिवायचं नाही,
दोन्ही अर्थांनी.

आणि इथे काल रात्री साडेनऊला
मंजुळा भोये, पेठकडची, छाटणीच्या टोळीतली,
टेम्पोतून आली. डाव्या तळव्यात कात्री घुसलेली,
ओढणीत गुंडाळलेला हात, ओढणी पार काळी.
मी बोटं एकेक हलवून घेतली. सगळी हलली.
सुन्न केलं, धुतलं, सुई उचलली.
ती म्हणाली, बारीक घाल गं बाई,
परवा बागेत जायचंय.
परवा नाही, म्हटलं, दहा दिवस नाही.
ती हसली. मी डॉक्टर असल्यासारखी नाही,
लहान असल्यासारखी.
सात टाके. एकही ताणला नाही.
पत्र लिहू शकेल असं तिथे कुणी नव्हतं.
पगारे सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या,
गाठ बरी बसते तुझी. ट्रे उचल आता.

रविवारी नाशिकरोडला घरी गेले.
बाबा प्रेसमध्ये आहेत, एकतीस वर्षं.
कोऱ्या नोटांचे ताव डोळ्यांखालून घालतात,
शाई केसभर सरकली की ताव बाजूला.
जाताना झडती, येताना झडती.
मी त्यांच्यापुढे कागद ठेवला:
फी, विमा, भाड्याची खोली, विमान,
सगळं रुपयांत करून.
त्यांनी बोट ठेवून मोजलं, एकं दहं शतं,
हजारावर थांबले, पुढे गेले, पुन्हा थांबले.
आयुष्यभर याहून मोठे आकडे हाताखालून गेलेत त्यांच्या,
पण ते त्यांचे नव्हते.
पीएफचं बघतो, म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, पैशांचं नाही एवढं.
तीन महिने सगळे माझ्याकडेच बघत असणार.
माझा हात कसा आहे ते दाखवायचं,
आणि हात तर मागे ठेवायचा.
त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला,
बराच वेळ पुसला.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

म्हणाले, पहिल्या दिवशी
कुठल्या गेटने आत सोडतात,
ते आधी विचारून ठेव.

रात्री खोलीवर आल्यावर
जूनच्या पानावर एवढंच लिहिलं, गेट,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
पेनने.