अपठित पद्य, गुण चार

सातवी ब. एकतीस पेपर, एक लाल पेन.
खिडकीतून कंधारच्या किल्ल्याचा बुरूज, उन्हानं पांढरा पडलेला.
पाचच्या आत गुण ऑनलाइन भरायचेत
आणि रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीजवळ.

प्रश्न पाचवा. चार ओळी, बिननावाच्या:

    दारापुढचा दगड
    बसा म्हणतो आल्यागेल्याला.
    कोणी बसतं, कोणी पाय पुसतं,
    दगड काही बोलत नाही.

उत्तरसूची केंद्रातून आलीय, स्टेपल मारलेली.
सूर: शांत. आशय: सहनशीलता.
अलंकार: चेतनगुणोक्ती.

अलंकार मी पक्के करून घेतले होते.
सम, समान, सारखा आलं की उपमा,
जणू, गमे, वाटे आलं की उत्प्रेक्षा.
पोरं पाढ्यासारखी म्हणायची,
आणि मी ‘पाढ्यासारखी’ म्हटलं की
माणिक केंद्रे ओरडायचा: सर, उपमा!

सुराचंच तेवढं जमेना.
मग एके दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहिले:
आलास का.
म्हणा, म्हटलं, घरी ऐकता तसं.
केंद्रेनं म्हटलं ते रात्री दहाला दार उघडणाऱ्या मायचं.
फरजानानं म्हटलं ते तिच्या नानीचं, बोकडाला.
मागच्या बाकावरून कुणीतरी असं म्हटलं
की वर्ग एकदम गार.
चुलत्याचा आवाज होता तो, वाटणीच्या दिवशीचा.
अंजना सोनकांबळेची पाळी आली.
ती नुसती उभी राहिली.
मला वाटलं, लाजली. बस म्हटलं.

तिचा पेपर एकोणिसावा.

    दगड शांत नाही. गप आहे.
    तो मोजायलाय.
    कोण बसलं आणि कोणी पाय पुसले.

‘मोजायलाय’खाली मी रेघ ओढली.
समासात लिहिलं: मोजत आहे. शुद्धलेखन.
सूर चूक. आशय चूक.
चेतनगुणोक्ती तिनं लिहिलीच नव्हती.
पुढचा पेपर घेतला.

शांत. पुढचा, शांत. सहनशीलता. शांत.
अक्षरं वेगळी, घसा एकच.
पंचविसाव्याला मी पेनाचं टोपण लावलं.

शांत आणि गप.
वीस वर्षांच्या नोकरीत, इतक्या प्रशिक्षणांत,
चहा-बिस्किटांसकट,
हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

आमच्या मुखेडच्या घरापुढं एक दगड होता.
काळा, बसून बसून मधे खोलगट झालेला.
शेवंताबाई सकाळी येऊन त्याच्यावर बसायची,
आज काम आहे का विचारायला.
विचारायचीही नाही. बसायची.
आतून बाप म्हणायचा, बस गं.
चहा पिऊन व्हायचा, पेपर वाचून व्हायचा.
पुन्हा एकदा, बस गं.
लहानपणी मी त्याला पाहुणचार समजायचो.
ती काहीच बोलायची नाही.
आम्ही घरात कौतुकानं म्हणायचो,
किती शांत बाई.

साडेचार झाले होते.
एकोणिसावा पेपर पुन्हा वर काढला.
लाल रेघ खोडता येत नाही,
तिच्यावर खाडाखोड केली की पोरं हसतात.
मी ‘मोजायलाय’खाली दुसरी रेघ ओढली.
आमच्या शाळेत एक रेघ म्हणजे चूक
आणि दोन म्हणजे छान, हे पहिलीचं लेकरूही जाणतं.
समासातलं ‘मोजत आहे’ मात्र तसंच राहिलं.
शुद्ध, नीटनेटकं, बाजूला.

साडेतीन दिले. अर्धा का कापला,
मला स्वतःलाच सांगता येणार नाही.
सवय असेल.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले.
अंजना आली. रेघा पाहिल्या.
मग समास पाहिला. मग माझ्याकडं.
मी म्हणालो, बरोबर लिहिलंस, अंजना.

ती म्हणाली, हो सर.

दोन शब्द.
मी दिवसभर ते आतल्या आत म्हणून पाहिले,
हळू, जोरात, तिच्यासारखी मान किंचित तिरकी करून.
वर्गाला मी हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवायला लावतो.