बघण्यासारखं

वादळानंतर अकराव्या दिवशी फेरीबोट सुरू झाली
आणि पहिल्याच खेपेला सात गाड्या.
दोन ताडपत्र्या घेऊन आलेल्या,
एकीत डोर्लेकरांचा मुलगा, नालासोपाऱ्याहून, रात्रभर न झोपलेला.
बाकी चारांच्या काचा खाली झाल्या:
"काका, जास्त कुठे झालंय?"

मी तिकिटं फाडतो. सोळा वर्षं.
खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर
माणसं, म्हशी, बर्फाचे टेम्पो, एकदा नवरीसकट वरात.
मोटारसायकलला इतके, चारचाकीला इतके.
जास्त कुठे झालंय, याचं दरपत्रक माझ्याकडे नाही.
तरी मी हात केला.
हाताला सवय असते हात करायची.
"बंदराला वळा. मशिदीच्या पुढे."

मशिदीच्या पुढे बावा हमदुल्यांचा माड.
त्याला त्यांच्याच पडवीचा पत्रा
वीस हात उंचावर गुंडाळून बसलेला,
ताप आलेलं पोर बिलगतं तसा.
खाली माणसं उभी राहायची,
पाठ पत्र्याकडे, तोंड फोनकडे.
कुणी हसायचं, मग आठवून हसू आवरायचं,
मग फोटो बरा आला नाही म्हणून पुन्हा हसायचं.
बावा पडवीत बसलेले असत. म्हणजे पडवी होती तिथे.
विचारलं तर सांगायचे, किती वाजता, कसा आवाज झाला.
चौथ्या रविवारपर्यंत गोष्ट इतकी गुळगुळीत झाली
की तिच्यातली भीती निसटून गेली.
हे तेच म्हणाले मला, विडी मागताना.

अनुसयेने दारातला कौलांचा ढीग उचलला नाही.
"असूदे रे. ढीग दिसतो तवर गाडी थांबते,
गाडी थांबली की चार चहा जातात."
पंचनाम्याला आलेल्या माणसाने नऊ मिनिटं दिली.
पुण्याच्या एका बाईंनी पाऊण तास,
कौलं उलटीपालटी केली, कारखान्याचा ठसा वाचला
आणि एक धड कौल मागून घेतलं. आठवण म्हणून.
अनुसयेने दिलं. पदराने पुसून दिलं.

मग पाचव्या आठवड्यात बावांचा जावेद माडावर चढला,
अडकलेली तार कोयत्याने तोडून पत्रा उतरवला,
दगडावर ठोकून सरळ केला.
आता तो मोरीवर आहे.
एका कोपऱ्यातून गळतो.

त्या रविवारी एक गाडी अर्ध्या तासात परत.
"काका, तो पत्रा नाहीये तिथे."
उतरवला, म्हटलं.
"अहो, व्हिडिओ बघून आलो आम्ही. साडेपाच तास."
आवाजात खरंच दुःख होतं, खोटं कशाला सांगू.
"आणखी काही आहे का, बघण्यासारखं?"

शिवी आली होती, दातांपर्यंत.
पण तिथे आधीच एक उकडलेलं अंडं होतं.

मी आठ-नऊ वर्षांचा. पलीकडच्या किनाऱ्याला
कुणाचं तरी गलबत लागलेलं, आडवं.
बापाने आम्हा तिघांना टेकडी ओलांडून चालत नेलं,
आईने अंडी दिली होती, मीठ-तिखटाची पुडी.
सगळा गाव लोटलेला. फुगेवालासुद्धा.
वाळूत एक खलाशी बसला होता, परमुलखातला,
ओली चादर पांघरून, एकच चप्पल मांडीवर घेऊन.
मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो
आणि अंडं सोललं, मीठ लावलं, खाल्लं, सावकाश,
कारण समोरून नीट दिसत होतं.
तो माझ्याकडे बघत होता की अंड्याकडे,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नाही," म्हटलं. "चहा घेतलात का, ढिगाजवळ?"
"घेतला. आलं जास्त होतं."
मग मी काही बोललो नाही.
सुटे नव्हते त्यांच्याकडे. दहा रुपये मी सोडले
आणि फळी उचलायला शिटी मारली.